चतुर पंडित : कै. विष्णु नारायण भातखंडे

गेल्या स्नेहसंमेलनाच्या आधी आमच्या वरच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने स्वतः रचलेले एक गीत आम्हांस आणून दाखविले. शब्द सुबक होते, कल्पनाही त्याच्या वयास शोभणारी होती. परंतु ते गावयास घेताच मोठी पंचाईत झाली. पहिल्या कडव्यात ताल पुरा होण्यापूर्वीच शब्द संपत, आणि दुसऱ्यात ताल संपला तरी शब्द उरत. तबल्यावर बसलेला मुलगा दोन वेळा थांबला व तिसऱ्यांदा त्याने तबल्यावरून हातच उचलला. तेव्हा त्या विद्यार्थ्याने आम्हांस विचारले की, एखादे वाद्य वाजवावयास शिकलो तर गीते अधिक चांगली रचता येतील काय? हल्ली पुष्कळ घरांत बाजाच्या पेटीच्या जोडीला गिटार येऊन बसली आहे, तेव्हा हा प्रश्न त्या एकट्याचा नसावा. त्या दिवशी आम्हांस नीट उत्तर देता आले नाही. मागाहून ज्या थोर पुरुषाचे स्मरण झाले, त्याचे चरित्र उत्तरादाखल येथे सादर करीत आहोत.

संगीताच्या संदर्भात विष्णु हे नाव निघाले की नाशिककरांच्या डोळ्यांपुढे पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांची मूर्ती उभी राहते, आणि ते यथायोग्यच आहे. त्यांनी आपल्या पंचवटीत रामनाम आधार आश्रम स्थापिला आणि आयुष्याच्या उत्तरकाळी येथे गोदातीरी रामनामाचा गजर केला. १९३१ साली मिरजेस त्यांचा अंत झाला. परंतु त्यांच्याच काळी महाराष्ट्रात दुसरे एक विष्णु होऊन गेले. दोघांचे ध्येय जवळजवळ एकच, मार्ग मात्र अगदी निराळे. पलुसकर गवई होते, हजारोंच्या सभा त्यांनी गाऊन जिंकल्या. भातखंडे मैफलीचे गवई कधीच नव्हते. ते वकील होते, आणि त्यांच्या संगीताचा पाया सतारीवर घातला गेला होता.

विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म मुंबईस वाळकेश्वर येथे १० ऑगस्ट १८६० रोजी झाला. घर मध्यम स्थितीतील ब्राह्मणाचे. घरात गाण्याची आवड होती, आईच्या तोंडची भक्तिपर पदे कानांवर पडत. परंतु गाणे बजावणे हा त्या काळी कुलीन घरच्या मुलाचा व्यवसाय मानला जात नसे. देवापुढे चार पदे म्हणणे निराळे आणि उस्तादापुढे बसून गाणे शिकणे निराळे, असा लोकांचा समज होता. आजच्या पालकांस याचे नवल वाटेल. नवल न वाटणारेही काही असतील, त्यांच्यासाठी आताच सांगून ठेवतो की या मुलाने शिक्षणाची हेळसांड केली नाही. एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८५ साली तो बी. ए. झाला आणि १८८७ साली एल्‌एल्‌. बी. ची परीक्षा उतरला.

विद्यार्थिदशेतच त्यांनी वल्लभदास दामुलजी यांच्याकडे सतार शिकण्यास आरंभ केला. वल्लभदास हे जीवनलाल महाराजांचे शिष्य. सतार हे वाद्य कसे आहे हे आमच्या बालवाचकांनी जरा ध्यानात घ्यावे, कारण या चरित्राची किल्ली तेथेच आहे असे आम्हांस वाटते. भोपळा, त्यावर लांब दांडी, दांडीवर धातूचे वाकविलेले पडदे, आणि उजव्या हाताच्या तर्जनीत तारेची नखी. हे पडदे दांडीला दोऱ्याने बांधलेले असतात. गिटारीचे पडदे लाकडात कायमचे बसविलेले, ते हलत नाहीत. सतारीचे पडदे मात्र वादक खालीवर सरकवू शकतो. एखाद्या रागात धैवत कोमल असेल तर धैवताचा पडदा थोडा वर, मेरूच्या बाजूस सरकवावयाचा. दुसऱ्या रागात तो शुद्ध असेल तर पुन्हा खाली घोडीकडे आणावयाचा. पडद्यांच्या अशा एका मांडणीस सतारिये थाट म्हणतात.

गळ्याने शिकणाऱ्यास राग केवळ ऐकू येतो. सतार शिकणाऱ्यास तो डोळ्यांनी दिसतो व बोटांना लागतो. कोणत्या रागासाठी कोणता पडदा हलवावा लागला आणि कोणता जागच्या जागी राहिला, हे त्यास प्रत्यक्ष ठाऊक असते. पुढे भातखंडे यांनी उत्तर हिंदुस्थानी संगीतातील राग बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी व तोडी अशा दहा वर्गांत मांडले आणि त्या वर्गांस थाट हाच शब्द योजिला. तो शब्द ग्रंथांपेक्षा सतारियांच्या बोलण्यात अधिक रुळलेला होता. तरुणपणी ज्या हातांनी पडदे सरकविले, त्याच हातांनी हे वर्ग पाडले, असे आम्ही म्हटले तर फारसे चुकणार नाही.

सतार दुसरीही एक गोष्ट शिकवते. तिच्यावर वाजवावयाच्या रचनेस गत म्हणतात, आणि गतीचे बोल दा, रा, दिर असे असतात. त्रितालाच्या सोळा मात्रांत हे बोल ठरलेल्या जागी बसतात. मसीतखानी गत बाराव्या मात्रेपासून उठते आणि समेवर येऊन मिळते. या बोलांस काही अर्थ नाही, परंतु प्रत्येकास जागा आहे, वजन आहे. ज्याने अशा शेकडो गती घोटल्या, त्याच्या अंगी मात्रांचा हिशेब इतका भिनतो की पुढे दा आणि रा यांच्या जागी अर्थाचे शब्द घालावयाचे झाल्यास कोणते अक्षर लांबवावे व कोणते आखडावे, हे त्यास बोटे मोडून पाहावे लागत नाही. आमच्या त्या विद्यार्थ्याचे गीत लंगडले ते येथेच.

१८८४ साली भातखंडे गायन उत्तेजक मंडळीचे सभासद झाले. कैखुश्रू काबराजी या पारशी गृहस्थांनी १८७० साली मुंबईत स्थापन केलेली ही संस्था होती. तेथे नाना ठिकाणचे गवई येत. रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून भातखंडे यांनी ध्रुपदे घेतली, अलीहुसेन व विलायतहुसेन यांच्याकडून ख्याल घेतले. सतारीवर रागाचा सांगाडा कळला होता, आता त्यावर मांस चढू लागले. सकाळी कायद्याची पुस्तके, सायंकाळी ध्रुपद. आमच्या विद्यार्थ्यांपैकी जे अभ्यास व छंद या दोहोंस वेळ पुरत नाही अशी तक्रार करतात, त्यांची नावे आम्ही येथे देत नाही.

पदवी मिळाल्यावर त्यांनी वकिली सुरू केली, काही काळ कराचीसही होते. व्यवसाय बरा चालला असता. परंतु १९०० साली त्यांच्या पत्नीचे निधन झाले, आणि १९०३ साली एकुलती कन्याही गेली. तेव्हा त्यांचे वय त्रेचाळीस होते. घर रिकामे झाले. पुढल्याच वर्षी ते प्रवासास निघाले, आणि वकिली हळूहळू मागे पडून अखेर सुटली. दुःखाविषयी त्यांनी फारसे लिहून ठेविलेले नाही. प्रवासाच्या रोजनिशा मात्र भरपूर लिहिल्या, आणि त्यांत सूर, राग, ग्रंथ व गवई यांखेरीज दुसरा विषय क्वचितच येतो.

१९०४ साली ते दक्षिणेत गेले. एट्टयपुरम् येथे सुब्बराम दीक्षितर या वृद्ध पंडितांची भेट झाली. व्यंकटमखी याच्या बहात्तर मेळांची पद्धती तेथे त्यांना जवळून पाहावयास मिळाली. दक्षिणेत आणखीही एक गोष्ट जुनी होती, ती म्हणजे लक्षणगीत. ज्या गीताच्या शब्दांतच त्याच्या रागाची लक्षणे सांगितलेली असतात, ते लक्षणगीत. हे बीज उत्तरेच्या भूमीत रुजविण्याचे काम पुढे भातखंडे यांनी केले. त्यानंतर १९०७ साली नागपूर, हैदराबाद, कलकत्ता आणि १९०८ साली अलाहाबाद, काशी, लखनौ, आग्रा, मथुरा, जयपूर अशी भ्रमंती झाली. जेथे जात तेथे ते प्रश्नांची यादी तयार करून नेत. हा राग कोणत्या वेळचा, यात कोणता स्वर प्रमुख, कोणता टाळावा, आणि त्यास आधार काय? साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तसे ते गवयांस विचारीत. कित्येकांस ते रुचत नसे, आणि ते साहजिकही होते.

त्या काळी चीज ही मालमत्ता होती. घराण्यातील दुर्मिळ बंदिशी मुलास द्याव्यात, फार तर जावयास. परक्यास देताना एखादा अंतरा गाळून द्यावा, अशी रीत होती. त्यामुळे एखादा उस्ताद मुलाबाळांवाचून मेला की त्याच्याबरोबर पन्नास-शंभर रचना मातीत जात. भातखंडे यांस याची हळहळ होती. एवढे धन दरवर्षी बुडत होते आणि कोणी त्याची मोजदादही ठेवीत नव्हते. जयपूरच्या कोठीवाल घराण्यातील मुहम्मदअली खाँ हे मनरंगाच्या परंपरेतले गवई. त्यांच्या पुत्रांकडून भातखंडे यांनी पुष्कळ चिजा मिळविल्या व त्या फोनोग्राफ यंत्रावर उतरवून घेतल्या. रामपूर येथे नबाब हमीदअली खाँ व त्यांचे उस्ताद, तानसेनाच्या परंपरेतील बीनकार वजीर खाँ, यांच्यापाशी ध्रुपद-धमारांचा मोठा साठा होता. तो मिळविण्यासाठी भातखंडे यांनी नबाबांचे शिष्यत्व पत्करिले. त्या वेळी त्यांची पन्नाशी उलटलेली होती, ग्रंथ प्रसिद्ध झालेले होते, देशभर नाव झाले होते. तरी ते शिष्य म्हणून खाली बसले.

आता त्यांच्या स्वतःच्या रचनांकडे वळू. भातखंडे यांनी शेकडो गीते रचिली. त्यांतील लक्षणगीतांत बहुधा चतुर ही मुद्रा आढळते, अन्य रचनांत हररंग. लक्षणगीत रचणे वरवर पाहता सोपे वाटते. रागाची माहिती पद्यात बांधली की झाले. परंतु उदाहरण घेऊन पाहा. भूप व देशकार या दोन्ही रागांत तेच पाच स्वर आहेत. मध्यम व निषाद दोहोंतही वर्ज्य. मग भेद कशात? भूपात गंधार वादी व धैवत संवादी, आणि तो रात्रीच्या प्रथम प्रहरी गावयाचा. देशकारात धैवत वादी, वेळ सकाळची, आणि चालीचा सारा भर वरच्या अंगावर. आता भूपाचे लक्षणगीत रचावयाचे तर शब्दांनी सांगावयाचे की येथे गंधार प्रमुख आहे, आणि चालीने त्याच वेळी गंधारावर विसावा घ्यावयाचा. शब्द बरोबर आणि चाल धैवतावर रेंगाळणारी, असे झाले तर गीत स्वतःच स्वतःला खोटे पाडील. शिवाय सारे तालाच्या मापात बसले पाहिजे, मुखडा समेवर आला पाहिजे, आणि दहा वर्षांच्या मुलास पाठ व्हावे इतके ते सुटसुटीत असले पाहिजे. शब्द, स्वर आणि ताल या तिघांची एकाच ओळीत साक्ष काढावयाची, हे वकिलास शोभणारे काम खरेच, परंतु केवळ वकिलास ते साधले नसते.

येथे आम्ही आमचे मत प्रांजळपणे सांगतो. काव्य या दृष्टीने पाहिल्यास ही लक्षणगीते रूक्षच आहेत. त्यांत चंद्र नाही, कोकिळा नाही, विरह नाही. एखादा रसिक त्यांस व्याकरणाची सूत्रे म्हणून बाजूस सारील. परंतु ज्या विद्यार्थ्याने एक लक्षणगीत नीट पाठ केले, त्यास तो राग पुन्हा कोणी पुसून नेऊ शकत नाही, कारण रागाचा नियम आणि रागाचे रूप दोन्ही त्यास एकाच वेळी मिळालेली असतात. शिवाय ती देण्यास कोणा उस्तादाची मर्जी राखावी लागत नाही. आम्ही त्यांची किंमत यावरून करतो.

ग्रंथांचा विस्तार मोठा आहे, तो थोडक्यात सांगतो. १९१०च्या सुमारास श्रीमल्लक्ष्यसंगीतम् हा संस्कृत ग्रंथ त्यांनी चतुर पंडित या नावाने प्रसिद्ध केला. हिंदुस्थानी संगीत पद्धती हा गुरुशिष्यसंवादरूप ग्रंथ मराठीत चार भागांत लिहिला. पहिला भाग १९१० साली निघाला व शेवटचा १९३२ साली. एवढा मोठा संगीतशास्त्राचा ग्रंथ आपल्या भाषेत लिहिला गेला, याचा मराठी मनुष्यास अभिमान वाटावा. क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत त्यांनी निरनिराळ्या घराण्यांच्या सुमारे १८०० चिजा स्वरलिपीसह छापिल्या. ज्या चिजा पूर्वी जावयासही पुऱ्या मिळत नसत, त्या आता पुस्तकविक्रेत्याच्या दुकानात मिळू लागल्या. त्यांची स्वरलिपी इतकी सोपी आहे की आमच्या पाचवीतील मुलासही ती एका तासात कळेल. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, मंद्र सप्तकास खाली टिंब, तार सप्तकास वर टिंब, समेस फुली आणि खालीस शून्य. छापखान्यातील खिळेजुळाऱ्यास फार त्रास होऊ नये इतकीच ती चिन्हे आहेत.

१९१६ साली श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, ती भातखंडे यांच्याच खटपटीने. पुढे दिल्ली, काशी व लखनौ येथे परिषदा झाल्या. १९१८ साली ग्वाल्हेरीस माधव संगीत महाविद्यालय निघाले आणि १९२६ साली लखनौस मॅरिस कॉलेज. त्यास पुढे त्यांचेच नाव देण्यात आले, आणि आज ते विश्वविद्यालयाच्या पदवीस पोहोचले आहे.

त्यांच्यावर टीका झाली नाही असे नाही, आणि ती सारीच अनाठायी होती असेही आम्हांस वाटत नाही. लेखणीस तिखटपणा होता. निरक्षर उस्तादांच्या अज्ञानाविषयी त्यांनी पुष्कळ लिहिले, परंतु ज्या विद्येचा संग्रह त्यांनी केला ती त्याच उस्तादांनी पिढ्यानपिढ्या गळ्यात जपून ठेविली होती. त्या मानाने त्यांचे ऋण त्यांनी कमी उच्चारिले, असे पुढील अभ्यासकांनी दाखविले आहे. दहा थाटांत सारे राग बसत नाहीत हेही खरे. ललितासारखा दोन्ही मध्यम लागोपाठ घेणारा राग कोणत्या थाटात घालावा, यावर आजही विद्वान भांडतात. पडदे सरकवून राग मांडण्याच्या पद्धतीत, एकाच चालीत दोन्ही मध्यम मागणाऱ्या रागाची अडचण होणारच. आपल्या पद्धतीस कोणी हरकत घेतली तर भातखंडे आधार मागत, आणि आपल्याकडील आधारही समोर ठेवीत. वादाची ही रीत त्यांनी संगीतात आणिली.

१९३३ साली त्यांस पक्षाघाताचा झटका आला व मांडीचे हाडही मोडले. ज्या मनुष्याने कन्याकुमारीकडील प्रदेशापासून काशीपर्यंत ग्रंथांच्या व गवयांच्या शोधात पायपीट केली, तो तीन वर्षे अंथरुणास खिळून होता. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेशचतुर्थीच्या दिवशी, मुंबईस त्यांनी देह ठेविला. १९६१ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले. त्यांचे पट्टशिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर हे लखनौच्या कॉलेजाचे अनेक वर्षे प्राचार्य होते. त्यांनीही सुजान या मुद्रेने उत्तमोत्तम गीते रचिली, आणि त्यांत लक्षणगीतेही आहेत.

आपल्या नाशकात गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांस दरवर्षी मुले बसतात. हे मंडळ पलुसकरांच्या शिष्यांनी त्यांच्या पश्चात १९३१ साली स्थापिले. त्याच्या प्रारंभीच्या परीक्षांत विद्यार्थ्यास सरगमगीताबरोबर लक्षणगीतही म्हणून दाखवावे लागते. म्हणजे एका विष्णूच्या मंडपात दुसऱ्या विष्णूने रूढ केलेला गीतप्रकार गाइला जातो, आणि गाणाऱ्या मुलांस त्याची जाणीवही नसते. परवा आमच्याच शाळेच्या व्हरांड्यात दोन मुली भूपाचे लक्षणगीत घोकीत होत्या. एकीने निषाद लावताच दुसरीने तिला थांबविले.

आरंभी ज्या विद्यार्थ्याचा उल्लेख केला, त्याने वडिलांची परवानगी घेऊन दिवाळीनंतर गिटारीची शिकवणी धरिली आहे. सतार मिळावी अशी त्याची इच्छा होती, परंतु गिटार घरी होती आणि सतार नव्हती. डाव्या हाताच्या बोटांस अद्याप घट्टे पडलेले नाहीत व ती फार दुखतात, असे तो सांगतो. त्याचे ते गीत त्याने परत मागून नेले असून तिसरी ओळ पुन्हा लिहावयास घेतली आहे.